दवाखान्यातून सुट्टी झाली, पण हात अजून उचलत नाही: लकवा झालेल्या जवानाच्या घरच्यांसाठी

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कामठी रोडच्या आतल्या बाजूला, नुकत्याच बांधलेल्या एका घराच्या पुढच्या खोलीत एक हवालदार खाटेवर बसला होता. वय अडतीस. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कोणीतरी उचलून ठेवलेला. कोपऱ्यात काटोलहून मामेसासऱ्यांनी पाठवलेला संत्र्यांचा क्रेट. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि मी बसायच्या आतच विचारलं, "मॅडम, दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे हे बरे झाले ना? मग हात काऊन उचलत नाही?" दिरानं एक फुगलेली प्लास्टिकची फाईल पुढे केली. "अन् हे बोर्ड, कॅटेगरी, अ‍ॅट्रिब्युटेबल, हे काय असते? युनिटवाले फोनवर सांगतात, पण डोक्यात शिरत नाही."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानं किंवा अपघातानं हातची गेलेली रोजची कामं, म्हणजे जेवणं, बटण लावणं, सही करणं, माणसाला परत शिकवणं हे माझं काम. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर कामठीला आहे, त्यामुळे इकडे फौजी घरं पुष्कळ. त्या घरांमध्ये हे दोन प्रश्न मला नेहमी जोडीनंच विचारले जातात: एक हाताचा, दुसरा फाईलचा. दोन्हींची मुदत लकवा झाल्या दिवसापासूनच मोजली जाते. बहुतेक घरं एकामागे धावताना दुसरं हातचं घालवतात.

मेंदूत नेमकं काय होतं

काटोल-नरखेडकडची संत्र्याची बाग डोळ्यासमोर आणा. झाडांना ठिबकचं पाणी. एखाद्या नळीत कचरा अडकला की पुढची झाडं सुकायला लागतात. एखादी नळी फुटली तर पुढे पाणी जात नाही ते वेगळंच, वर फुटलेल्या जागी चिखल होऊन तिथली मुळंही खराब होतात. मेंदूचं तसंच आहे. रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते. दोन्हींना आपण लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात म्हणतो आणि डॉक्टर ब्रेन स्ट्रोक म्हणतात. जगभर बघितलं तर मोठा वाटा गुठळीच्या स्ट्रोकचा असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की "थोडं पडून राहा, बरं वाटेल" असं म्हणण्यात वेळ घालवायचा नसतो.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. बहुतेक माणसांचं बोलणंही डाव्या बाजूला असतं. म्हणून उजवा हात गेला की पुष्कळदा शब्दही जातात. या हवालदाराचं तेच झालं होतं.

एवढ्या धडधाकट माणसाला लकवा कसा, हा प्रश्न प्रत्येक फौजी घरात येतो. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्यालाही ब्लड प्रेशर असू शकतं. हृदयाच्या ठोक्यांत गडबड असू शकते, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. तंबाखू तर आहेच. उंच बर्फाळ भागात बरेच महिने राहिलं की शरीर जास्त लाल पेशी तयार करतं आणि रक्त दाट होतं. हे शेवटचं कारण लक्षात ठेवा, कारण ते पुढे फाईलमध्येही लागणार आहे.

सुट्टीचा अर्थ एवढाच: जीवाचा धोका टळला

दवाखान्यातले पहिले दिवस माणूस वाचवण्याचे असतात. प्रेशर ताब्यात आणायचं, मेंदूची सूज बघायची, पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून औषधं लावायची. हे झालं की सुट्टी. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र शेजारच्या जिवंत पेशी मेलेल्यांचं काम शिकू शकतात. या गुणाला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. मी तिला सरळ 'मेंदूचं नव्यानं शिकणं' म्हणते, आणि पुढेही तेच म्हणेन.

हे शिकणं कसं होतं, हे फौजीला समजावणं सगळ्यात सोपं. भरती झालेला पोरगा पहिल्या दिवशी सेंटरच्या मैदानावर उभा राहतो तेव्हा त्याचा डावा-उजवा पायसुद्धा जुळत नाही. उस्ताद त्याला परेडवर भाषण देत नाही. तो तीच हालचाल शंभर वेळा, मग हजार वेळा करून घेतो. काही महिन्यांनी पाय आपोआप पडतो. मेंदूत वाट तयार झालेली असते. लकव्यानंतरचं पुनर्वसन हीच ड्रिल आहे. फरक एवढाच, की आता शिकायचं आहे ते पेला धरणं, कूस बदलणं आणि 'पाणी' म्हणणं.

यात एक गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही. अमेरिका-कॅनडातल्या थेरपी सत्रांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका सत्रात हातानं केलेल्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला चारशेच्या वर हालचाली लागल्या होत्या. म्हणजे आठवड्यातून तीनदा थेरपिस्ट येऊन गेला आणि बाकी वेळ माणूस टीव्हीसमोर पडून राहिला, तर ते पुनर्वसनाचं नाव झालं, काम झालं नाही. हे मी माझ्याच पेशाबद्दल बोलते आहे, पण खरं आहे.

आता मुदतीबद्दल. २०२१ मध्ये अमेरिकेत ७२ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. सगळ्यांना हाताचा तेवढाच, २० तासांचा जादा सराव दिला, फक्त वेगवेगळ्या वेळी. सगळ्यात जास्त फायदा झाला तो लकव्यानंतर साधारण दोन ते तीन महिन्यांत सराव घेतलेल्यांना. अभ्यास लहान आहे, पण रोज घरोघरी जे दिसतं त्याच्याशी जुळतो. पहिल्या तीन महिन्यांत मेंदूची माती ओली असते. नेमक्या त्याच काळात घरचे "आता थोडा आराम करू द्या" म्हणतात.

उलट टोकही सांगते. पहिल्या २४ तासांत रुग्णाला पुन्हा पुन्हा उठवून चालवलं तर जास्त फायदा होईल का, हे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला, की त्या घाईनं उलट नुकसान झालं. तेव्हा सुरुवात कधी करायची हे दवाखान्यातले डॉक्टर सांगतील. त्यांनी 'करा' म्हटलं की मात्र दिवस वाया घालवायचा नाही.

घर म्हणजे परेडचं मैदान

पहिल्या दिवशी मी त्या क्रेटमधलं एक संत्रं काढलं आणि वहिनींना सांगितलं, की आजपासून यांना सोललेलं संत्रं द्यायचं नाही. त्यांना ते वाईट वाटलं. आजारी नवऱ्याला संत्रंही सोलून द्यायचं नाही? पण बघा, एका संत्र्यात किती कामं आहेत. ते घट्ट धरायचं, अंगठ्यानं साल उचकायची, बोटांनी फोडी वेगळ्या करायच्या, हात तोंडापर्यंत न्यायचा. सुरुवातीला उजवा हात फक्त संत्रं दाबून धरणार, सोलायचं काम डावा करणार. काही आठवड्यांनी कामांची अदलाबदल. मेंदू अशाच खऱ्या कामातून शिकतो. हवेत हात हलवण्यापेक्षा डब्यातल्या तुरी वाटीत टाकणं, मटार सोलणं, गणवेशाचं बटण लावणं हा चांगला सराव. कामाला शेवट असतो, त्यामुळे मनही लागतं.

जवळपास प्रत्येक घरात मला एक रबरी चेंडू दिसतो. कोणीतरी आणून दिलेला असतो, दाबत बसायला. लकव्यानंतर मूठ वळायला पुष्कळदा लवकर लागते. अडतं ते मूठ उघडण्यापाशी. ज्याची बोटं आधीच आत ओढली जातायत त्यानं दिवसभर चेंडू दाबून काय मिळवायचं? बोटं उघडण्याचा, सोडण्याचा सराव हवा. चेंडू थेरपिस्टला विचारूनच.

खांद्याचं फार जपा. लुळ्या हाताचं वजन खांद्याच्या सांध्याला लोंबकळत असतं आणि त्याला धरून ठेवणारे स्नायू झोपलेले असतात. अशा वेळी कोणी प्रेमानं हात धरून उठवलं, की सांधा खाली सरकतो. तो दुखणारा खांदा मग महिनोन् महिने सरावच करू देत नाही. उठवताना कमरेला पट्टा बांधून तिथे धरा, हात ओढू नका. बसलेला असताना हाताखाली उशी हवी.

गिळण्याकडे घरातलं कोणी बघतच नाही, आणि खरी भीती तिथे असते. लकव्यानंतर घशाचे स्नायूही ढिले पडतात. पाणी, चहा, पातळ ताक पटकन घसरतं आणि श्वासनळीत जाऊ शकतं. तिथून न्यूमोनिया. पाणी पिताना खोकला येतोय का, नंतर आवाज ओलसर, गुरगुरल्यासारखा होतोय का, हे बघा. होत असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत पातळ पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. घट्ट पेज, मऊ खिचडी, दाट दही अशांना सहसा कमी अडचण येते. झोपवून काहीच भरवायचं नाही. नागपूरच्या मे महिन्यात मात्र उलटी पंचाईत होते. ठसका लागतो म्हणून माणूस पाणीच सोडतो, अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्त दाट होतं. म्हणून उन्हाळ्यात दिवसाला किती पेले आणि किती घट्ट, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

बोलणं गेलं म्हणजे समज गेली, असं धरू नका. शब्द सापडत नसतात, माणूस आतमध्ये पूर्ण असू शकतो. त्याला अफेझिया म्हणतात. ओरडून बोलू नका, तो बहिरा नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा, शक्यतो 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात उत्तर येईल असा, आणि उत्तराला वेळ द्या. त्याच्या देखत त्याच्याविषयी "यांना काही कळत नाही" असं कधीच बोलू नका. बरेचदा पाठ असलेले शब्द आधी परत येतात. अंक, आरती, रामरक्षा. आमच्या हवालदाराला बायकोचं नाव येत नव्हतं. व्हरांड्यात चालवताना मी ताल धरला आणि त्याच्या तोंडून स्वच्छ निघालं, "एक, दो, एक." दारात उभी असलेली त्याची आई खालीच बसली.

"मालिश करून होत नाही का?"

तेलानं मालिश केली तर बरं वाटतं, कातडी चांगली राहते, आईच्या हाताचा स्पर्श होतो. जरूर करा. पण मालिशमध्ये काम करतो मालिशवाला. रुग्णाच्या मेंदूला काही शिकावं लागत नाही. दुसऱ्यानं दंड-बैठका काढल्या तर आपलं अंग कमावत नाही, तसंच. कबुतराच्या रक्ताचे आणि 'अमुक गावच्या औषधाचे' सल्लेही येतील. त्यांची खरी किंमत पैशापेक्षा वेळेत मोजावी लागते. त्या तीन महिन्यांतला महिनाभर गावोगाव फिरण्यात गेला, तर तो परत मिळत नाही. प्रेशरच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि भेटायला येणारे मित्र खिशात खर्रा घेऊन येतात. फाटकापाशीच थांबवा त्यांना. ज्या तंबाखूनं रक्तवाहिन्या खराब केल्या, ती प्रेमापोटी परत तोंडात जाऊ देऊ नका.

"आम्ही घरचेच करू, थेरपिस्ट कशाला?"

भारतात याचं थेट उत्तर शोधलं गेलं आहे. १४ दवाखान्यांतल्या १२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. घरच्यांना दवाखान्यातच पुनर्वसनाचं शिक्षण देऊन घरी पाठवलं आणि सहा महिन्यांनी बघितलं. निकाल २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. मृत्यू किंवा परावलंबन यात फरक पडला नव्हता. मला हा निकाल वाचून वाईट वाटलं होतं, कारण आपल्याकडे थेरपिस्ट कमी आणि घरची माणसं भरपूर, तेव्हा हा मार्ग चालायला हवा होता. पण त्यातून घरच्यांची मेहनत फुकट असा अर्थ मी काढत नाही. थोडं शिकवून सगळा भार त्यांच्यावर टाकला तर पुरत नाही, एवढाच काढते. उस्ताद हवा, आणि रोजची परेडही हवी.

नागपुरात त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपीबरोबर ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षणही चालतं आणि बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. मिहानमध्ये एम्स आहे. दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्रही शहरात आहे. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे भरती करून घेऊन पुनर्वसन होतं. एक गैरसमज मात्र दूर करते. खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर मणक्याच्या दुखापतीनं लुळे झालेल्या सैनिकांसाठी आहे. 'पॅरालिसिस' शब्द ऐकून लकव्याच्या रुग्णाला घेऊन तिथे धाव घेऊ नका.

"सहा महिने उलटले, आता काय उपयोग?"

वेग मंदावतो, दार बंद होत नाही. चांगला हात दिवसातला बराच वेळ जाड मोज्यात बांधून ठेवायचा आणि कमजोर हाताला कामाला लावायचं, अशी एक पद्धत आहे. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेल्यांवर ती अमेरिकेत तपासली, २००६ मध्ये निकाल आला आणि हाताचा वापर खरोखर वाढलेला दिसला. पण मनगट आणि बोटं थोडीफार उघडणाऱ्यालाच ती लागू पडते. अजिबात हालचाल नसलेल्याचा चांगला हात बांधाल, तर त्याची निव्वळ कोंडी होईल.

तो रडतो, चिडतो, सरावाला उठत नाही

लकवा झालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना नैराश्य येतं. काहींना कारण नसताना रडू फुटतं, कारण भावनांना आवर घालणारी मेंदूची वायरिंगच बिघडलेली असते. त्यावर औषधं आहेत आणि ती लागू पडतात. फौजी माणसाला हे मान्य करणं जड जातं. ज्याच्या हाताखाली दहा जवान होते त्याला बायको आंघोळ घालते. "फौजी असून रडता काय?" हे वाक्य त्या घरात कोणीच उच्चारू नये. जमलं तर त्याच्या बॅचच्या दोस्ताला आठवड्यातून एकदा फोन करायला सांगा. आणि वहिनी रात्री किती तास झोपतात, हेही कोणीतरी विचारा. मी विचारलं तेव्हा त्यांना पटकन उत्तर देता आलं नाही.

आता ती फाईल

आधी एक गोष्ट पक्की करा: माणूस सैन्यात आहे की केंद्रीय दलात? हिंगण्याच्या सीआरपीएफमधलाही घरच्यांसाठी फौजीच, पण त्याचे नियम वेगळे. इथून पुढचं सगळं लष्करातल्या जवानाबद्दल आहे.

जवान अजून सेवेत असेल तर त्याचा दवाखाना म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल (एमएच), आपल्याकडे कामठीचं. गरज पडली तर तिथून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी पाठवतात. सिक लीव्हवर घरी असताना बाहेर फिजिओथेरपी लावायची असेल तर आधी एमएचमध्ये दाखवून कागदावर आणा, नाहीतर बिलांचं पुढे काही होत नाही. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. ती २००३ मध्ये सुरू झाली आणि पेन्शनवर आल्यानंतर लागू होते. तेव्हा पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यायचं आणि पॅनेलवरच्या दवाखान्यात जायचं.

मेडिकल कॅटेगरी म्हणजे माणूस कोणत्या कामाला किती तंदुरुस्त, याचा शेरा. त्यात पाच गोष्टी बघतात: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे. पाच इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला 'शेप' म्हणतात. शेप वन म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, शेप फाईव्ह म्हणजे सेवेला अयोग्य. लकव्यानंतर सहसा आधी तात्पुरती खालची कॅटेगरी देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. त्या तपासणीला बसणारं डॉक्टरांचं मंडळ म्हणजे बोर्ड. बराच सुधारला तर हलक्या कामावर ठेवता येतं, त्याला शेल्टर्ड अपॉइंटमेंट म्हणतात. नाहीच जमलं तर सेवेतून बाहेर काढतात. फौजी भाषेत, बोर्ड आउट.

बोर्ड आउट करताना दोन प्रश्नांची उत्तरं लिहिली जातात आणि पुढचं घर त्यांवर चालतं. पहिलं, अपंगत्व किती टक्के? दुसरं, आजार सेवेमुळे आला का, किंवा सेवेमुळे वाढला का? आला तर अ‍ॅट्रिब्युटेबल, वाढला तर अ‍ॅग्रॅव्हेटेड. दोन्हींपैकी एकही 'हो' असेल आणि अपंगत्व किमान २० टक्के असेल, तर डिसेबिलिटी पेन्शन. बोर्ड आउट झालेल्याची टक्केवारी वर ओढून धरतात: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. दोन्ही उत्तरं 'नाही' आली, तर १० वर्षांच्या वर सेवा झालेल्याला इन्व्हॅलिड पेन्शन असते, ती बरीच कमी. अग्निवीरांना पेन्शनच नाही. त्यांना सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ किंवा ५० टक्क्यांप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाखांची एकरकमी मदत आहे.

लकव्यात दुसऱ्या प्रश्नावरच घोडं अडतं. गोळी लागली असती तर कोणी विचारलं नसतं. गुठळी मात्र घरच्या खोलीतही होऊ शकते. म्हणून तो उंच भागातल्या पोस्टिंगचा इतिहास लागतो: कुठे होता, कधीपासून कधीपर्यंत, आजार सुरू झाला तेव्हा कोणती ड्युटी होती, प्रेशर पहिल्यांदा कधी सापडलं आणि तेव्हा तो कुठे होता. माणसाला स्वतः सांगता येत नाही, शब्दच गेलेले असतात. ते घरच्यांनी तारीखवार लिहून काढायचं आणि युनिटकडून त्याचे कागद मागायचे, तेही लकव्यानंतरच्या पहिल्या महिन्यांतच. युनिटची जागा बदलते, क्लार्क बदलतात, दोस्त पोस्टिंगवर जातात. वर्षभरानं हेच शोधायला निघालात तर फार दमछाक होते.

सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतर झालेला आजार सेवेमुळे झाला असं धरलं पाहिजे. तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. या निकालानं कित्येक घरांना पेन्शन मिळवून दिली. पण २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर बाहेर पडणाऱ्यानं जुन्या निकालावर विसंबून कागद गोळा करायचं टाळू नये. पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करायचं असतं. त्यानंतर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. नाकारल्याचं पत्र हा शेवट समजून कपाटात ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. ते पत्र आलं की तारीख टाका आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे अर्ज लिहायला मदत मिळते, आर्थिक मदतीच्या योजनाही विचारता येतात. जवानाच्या पगारातून ज्या ग्रुप इन्शुरन्सची रक्कम कापली जाते, त्यात बोर्ड आउट झालेल्यांसाठी अपंगत्वाचा लाभ आहे. तोही जवानाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला विचारा.

सैन्याची टक्केवारी आणि सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सरकारी दवाखान्यात स्वतंत्र तपासणी करावी लागते. ४० टक्क्यांपासून बरेच लाभ सुरू होतात.

आणि बँक. उजवा हात गेला, सही गेली, पगार खात्यात अडकला. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदार अंगठा लावून पैसे काढू शकतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. काउंटरवर 'होत नाही' म्हणाले तर व्यवस्थापकांना भेटा आणि नियम सांगा.

"बरा झाला तर पेन्शन कमी होईल का?"

हा प्रश्न दिरानं मला बाहेर रस्त्यापर्यंत सोडायला येऊन विचारला, हळू आवाजात. मला त्याचा राग आला नाही. घरात दोन लहान मुलं, घराचं कर्ज, आणि कमावता माणूस खाटेवर. असा विचार मनात येणं गुन्हा नाही.

टक्केवारी त्या दिवशी जे दिसतं त्यावर ठरते, हे खरं आहे. पण हिशेब पूर्ण मांडा. सराव थांबवला तर हात कडक होतो, खांदा दुखतो, माणूस खाटेला खिळतो आणि पुढची तीस वर्षं कोणीतरी एक जण घरीच अडकून पडतो. पेन्शनमधला फरक त्याला पुरत नाही. उलट, सुधारला तर हलक्या कामावर सेवेत राहण्याची शक्यता उरते आणि पूर्ण पगार चालू राहतो. शिवाय लकव्यात चालणं सुधारूनही बोलणं, बारीक काम, लक्ष लागणं यातली उणीव राहू शकते. ती बोर्डासमोर स्पष्ट मांडायची असते. नाटक करायची गरज नाही आणि शौर्य दाखवायचीही नाही. फौजी माणसं हमखास दुसरी चूक करतात. डॉक्टरांनी विचारलं "कसं आहे?", की सावधानमध्ये उभे राहून "ठीक है साहब". बटण लावायला बारा मिनिटं लागतात, हे सांगायचं राहून जातं.

म्हणून मी वहिनींना एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर रोजचा सराव: काय केलं, किती वेळा, किती वेळ लागला, कुठे मदत लागली. उजव्या पानावर कागद: कोणाला फोन केला, काय मागितलं, कोणत्या तारखेला पाठवलं, पावती नंबर काय.

फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री आली तेव्हा ती वही निम्मी भरली होती. बोर्डाची तारीख अजून आलेली नाही. लेहच्या दोन वर्षांच्या पोस्टिंगचा कागद युनिटकडून आला आहे, दुसरा एक यायचा आहे. डाव्या पानावर शेवटची नोंद वहिनींच्या हातची आहे: "संत्रं एक. उजव्या हातानं सोललं. १७ मिनिटं. शेवटी साल मी काढली."